तीस दिवस, त्यानंतर दिल्ली गेट

हा जाहीर इशारा आहे. राज्य शासनाच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण या दोन्ही खात्यांनी तो वाचावा.

आम्ही छत्रपती संभाजीनगरातल्या पुंडलिकनगरचे रहिवासी. तृतीयपंथी आहोत, ट्रान्स स्त्रिया आहोत, ट्रान्स पुरुष आहोत. आमचे गुरू सोबत आहेत. काहींचे आईवडीलही आहेत.

आजवर आम्ही कागदाच्या वाटेने आलो. निवेदने दिली, पोच घेतली. प्रत्येक पोचेवर आवक शिक्का आहे. उत्तर एकाही निवेदनाला आले नाही.

साहेब बैठकीत होते. मग साहेबांची बदली झाली. मग आचारसंहिता लागली. नवे साहेब आले, त्यांनी निवेदन पुन्हा मागितले. आम्ही पुन्हा दिले.

तो संयम होता. तुम्ही त्याला लाचारी समजलात.

सरकारी रुग्णालयात उपचार मिळावेत ही मागणी आमच्या मनची नाही. 15 एप्रिल 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात निकाल दिला. माणसाचे लिंग त्याचे त्याने ठरवायचे, असे सांगितले. रुग्णालयांत आम्हाला उपचार मिळाले पाहिजेत, असा आदेश केंद्राला आणि राज्यांना दिला.

10 जानेवारी 2020 पासून तृतीयपंथीयांच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. त्याचे कलम 15 तुमच्या दप्तरी असेलच. लिंगबदल शस्त्रक्रिया, हार्मोन उपचार, त्याआधीचे आणि नंतरचे समुपदेशन, खर्चासाठी विमा. ही जबाबदारी त्या कलमाने शासनावर टाकली आहे.

ऑगस्ट 2022 मध्ये आयुष्मान योजनेतून वर्षाला पाच लाखांपर्यंतचे संरक्षण जाहीर झाले. मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तृतीयपंथी धोरण मंजूर केले. दोन्ही घोषणांचे आम्ही स्वागत केले होते. पण कार्ड शस्त्रक्रिया करत नाही. धोरण रक्त तपासत नाही.

सरकारी उपचार नाहीत म्हणून उपचार थांबलेले नाहीत, हे नीट समजून घ्या.

पोरी मेडिकलवरून गर्भनिरोधक गोळ्यांची पाकिटे आणतात. किती घ्यायच्या, हे आधी घेतलेली मैत्रीण सांगते. इस्ट्रोजेनने रक्तात गुठळी होऊ शकते. पोटरी सुजते. फार चालणे झाले असेल म्हणून रात्री तेल चोळले जाते. तीच गुठळी फुप्फुसात गेली तर जीव जातो.

ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेतात. त्याने रक्त घट्ट होऊ शकते. साध्या रक्ततपासणीत ते कळते. ती तपासणी लिहून देणारा डॉक्टर त्यांच्यापाशी नाही.

निर्वाण, म्हणजे लिंग कापण्याचा विधी, अजून दाईच्या हातून होते. बिनभुलीचे. आमच्या थोरल्या गुरूंनी ते सोसले आहे. चेल्यांवर ती वेळ नको, हे तेच गुरू आज सांगत आहेत. शासनाने त्यांच्याकडून तरी शिकावे.

एका रुग्णालयात तापाने फणफणलेली आमची पोर व्हरांड्यात पडून राहिली. स्त्रियांच्या वॉर्डने पुरुषांकडे पाठवले, पुरुषांच्या वॉर्डने परत. त्याआधी केसपेपरच्या खिडकीवर मोठ्याने विचारले होते, 'बाई का माणूस?' सगळी रांग वळून बघत होती. ती पुन्हा कुठल्याच दवाखान्यात जायला तयार नाही.

जमत नाही, हे आम्हाला सांगू नका.

माजलगावचे पोलीस शिपाई ललित साळवे आपल्या मराठवाड्याचे. 2017 मध्ये त्यांनी शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. त्यासाठी त्यांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. मे 2018 मध्ये शस्त्रक्रिया झाली, ती मुंबईच्या सेंट जॉर्ज या सरकारी रुग्णालयात. त्यांची वैद्यकीय स्थिती आमच्यातल्या प्रत्येकासारखी नाही, हे आम्ही जाणतो. पण सरकारी सर्जनचा हात चालतो, हे तिथे सिद्ध झाले.

2023 मध्ये मुंबईच्या जी. टी. रुग्णालयात तृतीयपंथीयांसाठी तीस खाटांचा वॉर्ड सुरू झाला. मुंबईत झाले, चांगले झाले. परभणी-हिंगोलीच्या माणसाने प्रत्येक तपासणीला देवगिरी एक्स्प्रेसने रात्र काढून मुंबई गाठायची का?

आता आमचे म्हणणे.

घाटी या इथल्या सरकारी रुग्णालयात आठवड्याचा एक वार ठरवून द्या. त्या दिवशी हार्मोनचे जाणकार डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ आणि प्लास्टिक सर्जन एका ठिकाणी भेटले पाहिजेत. औषधे आणि रक्ततपासण्या मोफत हव्यात. शस्त्रक्रिया इथे कधी सुरू होणार, ती तारीख द्या. तोवर रुग्णाला कुठे पाठवणार, ते चिठ्ठीवर लिहून द्या. कायद्याच्या कलम 11 प्रमाणे नेमायचा तक्रार अधिकारी कोण, त्याचे नाव दर्शनी फलकावर लावा.

हे सगळे लेखी हवे. सहीनिशी. तोंडी आश्वासन आम्ही यापुढे घेणार नाही.

मुदत तीस दिवसांची आहे. ती आजपासून सुरू झाली.

मुदत संपल्यावर आम्ही उच्च न्यायालयाच्या इथल्या खंडपीठात जाऊ. 2 जानेवारी 2021 रोजी याच खंडपीठाने भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी उमेदवाराला स्त्री म्हणून ग्रामपंचायत लढवू दिली. ती इमारत जालना रोडवर आहे, आमच्या वस्तीपासून लांब नाही. प्रत्येक पोच याचिकेला जोडली जाईल. कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर कागद होता, हे तुम्हाला शपथेवर सांगावे लागेल.

त्याच दिवसापासून दिल्ली गेटला, विभागीय आयुक्त कार्यालयासमोर, आमचा ठिय्या सुरू होईल. दगड उचलला जाणार नाही. रस्ता अडवला जाणार नाही. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतून माणसे येतील. पाळ्या लागल्या आहेत. जेवणाची आणि पाण्याची सोय झाली आहे. गुरूंनी होकार दिला आहे.

चर्चेला बोलवाल तर येऊ. त्या वेळी सहीचा अधिकार असलेला माणूस समोर बसवा.

एकतिसाव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आम्ही तिथे असू. लेखी आदेश हातात पडेपर्यंत उठणार नाही.