आम्ही आलो नाही, सीमा आली

स्थलांतराचा अभ्यास हे आज विद्यापीठांतून प्रतिष्ठा पावलेले शास्त्र आहे, आणि त्या शास्त्राविषयी आम्हांस आदर आहे. परंतु निपाणी परिसरात प्रश्नावल्या घेऊन येणाऱ्या काही अभ्यासकांनी मराठी माणसाला 'स्थलांतरित' या सदरात घालण्याचा जो प्रघात पाडला आहे, त्यास आमचा स्पष्ट आक्षेप आहे. अशा प्रश्नावलीत आरंभीच विचारलेले असते: 'आपले कुटुंब कर्नाटकात केव्हा आले?' या प्रश्नाचे खरे उत्तर एकच आहे. कुटुंब कोठूनही आले नाही; राज्य आमच्या दारी आले. ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर या नावाने आले आणि १ नोव्हेंबर १९७३ पासून कर्नाटक म्हणवू लागले.

प्रथम शब्दाचाच विचार करू. देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. तसे स्थलांतर म्हणजे दुसरे स्थळ. या शब्दाच्या पोटातच जुने स्थळ सोडण्याची क्रिया आहे. ज्याचे घर, शेत, विहीर आणि ग्रामदैवत जागच्या जागी राहिले, त्याच्या बाबतीत 'दुसरे स्थळ' कोणते, हे अभ्यासकाने दाखवून द्यावयास हवे. ते दाखवता येत नसेल, तर संज्ञा चुकली आहे.

आता कायद्याकडे वळू. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ७ अन्वये मुंबई राज्यातील विजापूर, धारवाड व कारवार हे जिल्हे आणि चंदगड तालुका वगळून उरलेला बेळगाव जिल्हा नव्या म्हैसूर राज्यात घातला गेला. त्या एका अपवादाचा परिणाम पाहण्यासारखा आहे. ३१ ऑक्टोबरपर्यंत चंदगड आणि बेळगाव एकाच जिल्ह्यात होते. दुसऱ्या दिवशी ती दोन राज्ये झाली. निपाणी आणि कागल यांची कथा थोडी निराळी आहे. निपाणी खालसा मुलखात होती, कागल कोल्हापूर संस्थानात. १९४९ साली संस्थान विलीन झाले आणि ही दोन्ही गावे मुंबई राज्यात एकत्र आली. ते एकत्र राहणे जेमतेम साडेसात वर्षे टिकले. या साऱ्या काळात माणसे मात्र आपापल्या उंबऱ्यातच होती.

असे असता स्थलांतराचा भास कोठून निर्माण होतो? तो जनगणनेच्या तक्त्यांच्या अविचारी वाचनातून निर्माण होतो. भारतीय जनगणना स्थलांतर दोन निकषांवर मोजते: जन्मस्थान आणि पूर्वीचे वास्तव्यस्थान. दुसरा निकष १९७१ पासून आला, तर स्थलांतराचे कारण विचारणे १९८१ पासून सुरू झाले. जन्मगाव आज ज्या राज्यात आहे, त्या राज्याच्या नावे नोंद होते. म्हणजे १९५० साली चंदगडहून बेळगावात नांदावयास आलेली सून त्या वेळी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात आली होती. १९६१ च्या जनगणनेत तीच परराज्यात जन्मलेली ठरली. तिने पाऊल उचलले ते एकदाच, लग्नाच्या वरातीत; तिला परराज्याची केले ते कायद्याने. कागलची लेक निपाणीत आणि निपाणीची लेक गडहिंग्लजला देण्याची रीत या सीमेहून कितीतरी जुनी आहे. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवणाऱ्या समाजात तर तेच मार्ग पिढ्यान्‌पिढ्या चालू राहतात.

यात नवे काहीच नाही. स्थलांतराच्या शास्त्राचा आद्य नियमकार मानला जाणारा रॅव्हेन्स्टाइन याने १८८५ सालीच इंग्लंडच्या जनगणनेवरून दाखवून दिले होते की, बहुसंख्य माणसे जवळच्या जवळ जातात आणि जवळच्या अंतरावर स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक असते. जो अभ्यासक आपल्या शास्त्राचा हा पहिला धडा विसरून सीमेवरच्या सुनांची बेरीज 'आंतरराज्य स्थलांतर' म्हणून मांडतो आणि तिला मराठी मातृभाषेच्या आकड्याशी जोडतो, तो दोन स्वतंत्र तक्त्यांची गाठ मारून तिसरेच सत्य निर्माण करतो. मातृभाषेचा तक्ता माणूस कोणती भाषा बोलतो ते सांगतो. तो कोठून आला, हे त्यात लिहिलेले नसते.

एका प्रदेशात अनेक भाषा असल्या, म्हणजे त्यांतील एक बाहेरून आलीच असली पाहिजे, हे गृहीतकही भाषाशास्त्रात टिकत नाही. गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांगली जिल्ह्यातील एका गावाचा 'कुपवार' या नावाने अभ्यास मांडला. तेथे मराठी, कानडी व उर्दू शतकानुशतके एकमेकींच्या शेजारी नांदल्या. शब्द वेगळे राहिले, पण वाक्याची घडण एकमेकींच्या अगदी जवळ आली. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील कानडी भाषक आमच्या दृष्टीने महाराष्ट्रात 'आलेले' नाहीत. ते तेथलेच आहेत. जो न्याय त्यांना, तोच आम्हांस. यापेक्षा अधिक आम्ही मागत नाही आणि यापेक्षा कमी स्वीकारणार नाही.

जगाच्या अनुभवाने या गोष्टीला नावही दिले आहे. समाजशास्त्रज्ञ रॉजर्स ब्रूबेकर यांनी माणसे सीमा ओलांडतात आणि सीमा माणसांना ओलांडतात, या दोन घटना वेगळ्या काढल्या. पहिल्या महायुद्धानंतर रुमानिया व चेकोस्लोव्हाकियात गेलेले हंगेरियन दुसऱ्या प्रकारचे. सोव्हिएत संघ १९९१ साली फुटला, तेव्हा त्याच्या एका प्रजासत्ताकात जन्मून दुसऱ्यात राहणारी दोन कोटींहून अधिक माणसे आकडेवारीत आंतरराष्ट्रीय स्थलांतरित ठरली. त्या वर्षी त्यांतील बहुतेकांनी घराला कुलूपही लावले नव्हते. युरोपपुरता हा भेद समजणाऱ्या विद्वत्तेला तो निपाणीत का दिसू नये?

खरे स्थलांतरित आमच्या भागात आहेत, आणि त्यांचा अभ्यास अवश्य व्हावा. बीडकडून उचल घेऊन कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या साखर कारखान्यांच्या फडांत उतरणारे ऊसतोड कामगार पाहा. नवराबायको मिळून तेथे एक 'कोयता' मोजला जातो. मुलांची शाळा हंगामागणिक तुटते. त्यांच्या रेशनचे, आरोग्याचे, शाळेचे प्रश्न फिरतीतून उपजलेले आहेत. आमचे प्रश्न स्थिर राहूनही भाषेच्या अधिकाराला मुकण्याचे आहेत. दोघांना एका सदरात कोंबले, तर त्यांची हलाखीही झाकली जाते आणि आमचा हक्कही.

हक्काची गोष्ट येथेच येते. संविधानाचा अनुच्छेद २९ भाषा जपण्याचा अधिकार देतो, अनुच्छेद ३५०क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचे कर्तव्य राज्यावर टाकतो, आणि ३५०ख खाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमला जातो. यांपैकी कोणताही अधिकार 'तुम्ही केव्हा आलात' या प्रश्नावर अवलंबून नाही. तरीही मराठी शाळेला शिक्षक मागितला किंवा मराठीतून कागद मागितला, की 'आलात तर इथली भाषा शिका' हे उत्तर तयार असते. त्या उत्तराला शास्त्राचा शिक्का पुरवण्याचे काम अभ्यासकाने करू नये. जो विधान करतो त्याने ते सिद्ध करावे, हे पुराव्याच्या कायद्याचे साधे तत्त्व आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल महाराष्ट्राने फेटाळला. पण त्या अहवालानेही निपाणीसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत असे सुचवले होते. २००४ सालचा दावा सर्वोच्च न्यायालयात न्यायप्रविष्ट असल्याने त्याच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही.

चांगले संशोधन कसे असते, याचेही उदाहरण आहे. झोवांगा कोने, आदित्य मट्टू आदी अर्थतज्ज्ञांनी २००१ च्या जनगणनेवरून केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. शेजारचे दोन जिल्हे एकाच राज्यात असले, तर त्यांच्यातील स्थलांतर हे राज्यसीमेने दुभंगलेल्या शेजारी जिल्ह्यांतील स्थलांतरापेक्षा निदान दीडपट असते, असे त्यांना आढळले. रेशन, राज्यातील जागांचा कोटा, सरकारी नोकरी यांत राज्याराज्याने घातलेल्या अटी त्यांनी कारण म्हणून पुढे ठेवल्या. निपाणीच्या वेशीबाहेर अर्जुननगरला देवचंद महाविद्यालय आहे. ते महाराष्ट्रात मोडते. तेथे शिकून घरी परतणाऱ्या मुलाला ही सीमा पायांना जाणवत नाही, अर्ज भरताना जाणवते. संशोधकांनी मोजायचे असेल तर हे मोजावे.

आमची मागणी तीन शब्दांत बसते: सदर वेगळे करा. जागा सोडलेला तो स्थलांतरित. ज्याच्या अंगावरून सीमा गेली तो सीमांतरित. प्रश्नावलीत 'केव्हा आलात' याआधी '१९५६ पूर्वी आपले कुटुंब कोठे राहत होते' हे विचारा, आणि जुने सातबारा उतारे, शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी पाहा.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना एक विनंती. १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी असलेली जनगणना समोर आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा जन्मगाव अचूक सांगा, मातृभाषा निःसंकोच सांगा, आणि काय लिहिले ते विचारून घ्या. उद्याचे संशोधक त्याच नोंदींवरून आमची ओळख ठरवणार आहेत. त्या नोंदी खऱ्या असणे, एवढे तरी आमच्या हातात आहे.