मिलानची चप्पल आणि मुलुंडची कन्या

मुलुंडहून एका भगिनीनें पाठविलेलें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या धाकट्या जावेची मुलगी वस्त्रकलेच्या महाविद्यालयांत तिसऱ्या वर्षास शिकते. या सहामाहींत प्रत्येक विद्यार्थिनीनें एखाद्या नामांकित परदेशी पेढीची शैली अभ्यासावी व तीवरून स्वतःची एक वस्तु योजावी, असें काम नेमून दिलें आहे. मुलीनें मिलानची प्राडा ही पेढी निवडली, आणि घरांत दोन तट पडले. आजोबा म्हणतात, ज्यांनीं आमची कोल्हापुरी चप्पल न सांगतां उचलली, त्यांची शैली शिकण्याकरितां आपण फी भरावयाची काय? काकांचें म्हणणें, गुण मिळाले म्हणजे झालें. दरम्यान मुलीनें कोल्हापुरीच्या वेणीवरून एका हातपिशवीचें चित्र काढलें, आणि तें शिक्षिकाबाईंस पसंतही पडलें. आतां विषय बदलावा कीं काय, असें पत्रलेखिका विचारतात.

विषय बदलूं नये, असें आम्हांस स्पष्ट वाटतें. आजोबांचा राग अस्थानीं नाहीं. मात्र ज्याच्यावर रागवावयाचें त्याची रीत नीट समजून घेतली, तर रागालाही धार येते.

घडलें तें थोडक्यांत असें. २२ जून २०२५ रोजीं प्राडानें मिलान येथें पुढील उन्हाळ्याकरितां पुरुषांचे पोषाख दाखविले. त्यांतील कांहीं तरुणांच्या पायांत अंगठ्याची, वेणीची, सपाट तळाची चप्पल होती. आपल्याकडील शाळकरी पोरानेंही ती दुरून ओळखली असती. वर्णनांत मात्र चामड्याच्या सपाट सँडल एवढेंच. कोल्हापूरचें नांव नाहीं, भारताचेंही नाहीं. मोठा गवगवा झाला. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनें पत्र धाडलें, आणि या चपलांची प्रेरणा भारतीय हस्तकलेंतून आली आहे, हें पेढीनें मान्य केलें.

आतां ही पेढी मुळांत काय आहे, तें पाहूं. १९१३ सालीं मारिओ प्राडा यांनीं मिलानच्या गॅलेरिया व्हित्तोरिओ एमान्युएले या काचेच्या छताखालच्या बाजारांत चामडी सामानाचें दुकान थाटलें. त्यांची नात मिउच्चा प्राडा या राज्यशास्त्रांत डॉक्टरेट मिळविलेल्या, शिवाय मूकनाट्य शिकलेल्या. १९७८ सालीं घरच्या धंद्याचीं सूत्रें त्यांच्या हातीं आलीं. १९८४ मध्यें त्यांनीं काळ्या नायलॉनची पाठपिशवी काढली. लष्करी सामानास शोभणारें तें कापड. पण चामड्याच्या भावानें विकूं लागलें, आणि श्रीमंत स्त्रिया तें खांद्यावर मिरवूं लागल्या. १९८८ पासून स्त्रियांचे पोषाख निघाले. १९९६ च्या उन्हाळ्याकरितां तर बाईंनीं मळकट हिरवे व तपकिरी रंग घेतले, आणि स्वयंपाकघरांतील पडद्यांवर किंवा टेबलांवर असतात तसल्या नक्ष्या रेशमी वस्त्रांवर आणल्या. जें पाहून सुगृहिणीनें नाक मुरडावें, तेंच फॅशनचें शिखर ठरलें.

येथें मुलीच्या अभ्यासाचा गाभा आहे. सर्वांच्या नजरेसमोर असलेली, आणि म्हणूनच कोणीहि न पाहणारी वस्तु उचलावयाची, तिची जागा बदलावयाची व तिला नवा भाव द्यावयाचा, ही प्राडाची खरी शैली. तिच्या प्रबंधांत नुसतीं रंगांचीं चौकटीं व मासिकांतून कापलेलीं चित्रें असतील, तर ही गोष्ट तीत येणार नाहीं. मिलानच्या त्या मंचावर चप्पल आली ती अपघातानें आली नाहीं. नायलॉन ज्या वाटेनें आलें त्याच वाटेनें ती आली.

परंतु नायलॉन आणि चप्पल यांत एक भेद आहे, आणि तो मुलीनें ठळकपणें मांडावा. नायलॉन कारखान्यांतून येतें. तें कोणा गांवाचें नाहीं, कोणा घराण्याचें नाहीं. कोल्हापुरी चपलेमागें माणसें आहेत. हिरडा व बाभळीची साल यांच्या पाण्यांत कातडें मुरवून कमावतात. जुन्या पद्धतीच्या चपलेंत खिळा नसतो. तळ चामड्याच्याच वादीनें शिवावयाचा. वादी ओवावयाची म्हणून कातडें जाड व चिवट हवें, आणि तें तसें व्हावें म्हणून सालीच्या पाण्यांत धीरानें मुरावयास हवें. पट्ट्यावरची नाजूक वेणी बहुधा घरांतील स्त्रिया घालतात. दोन्ही बाजूंस कान असलेली ती कानवाली, आणि कापशी हें तर गांवाचेंच नांव. पायांत घातलेली वस्तु इतक्या हातांचा हिशेब सांगते.

पेढीस नांव घेणें ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. २०१० सालीं याच प्राडानें स्कॉटलंडचे किल्ट, पेरूची अल्पाका लोकर, जपानचें डेनिम आणि भारतांतील चिकनकाम यांची एक मालिका काढून प्रत्येक वस्तूच्या चिठ्ठीवर त्या त्या देशाचें नांव घातलें होतें. पंधरा वर्षांपूर्वीं जें सुचलें तें २०२५ मध्यें कां सुचलें नाहीं, हा प्रश्न आजोबांनीं अवश्य विचारावा.

कायद्यानें मात्र त्यांचें पुरतें समाधान होणार नाहीं. २०१९ सालीं या चपलेस भौगोलिक मानांकन मिळालें. महाराष्ट्रांतील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकांतील बेळगांव, धारवाड, बागलकोट व विजापूर असे आठ जिल्हे त्यांत आले. पण तो कायदा राखतो तें मुख्यतः नांव. बनावट माल कोल्हापुरी म्हणून विकला तर दोष सरळ लागतो. नांवच घेतलें नाहीं तर काय करावयाचें? मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलेला लोकहिताचा अर्जहि जुलै २०२५ मध्यें फेटाळला गेला. अर्जदार या मानांकनाचे मालक नव्हत. मालक म्हणजे दोन्ही राज्यांचीं चर्मोद्योग महामंडळें. पुढें ११ डिसेंबर २०२५ रोजीं त्या महामंडळांशींच प्राडानें करार केला. महाराष्ट्र व कर्नाटक येथील कारागिरांकडून दोन हजार जोड करून घ्यावे, जोडाची किंमत सुमारें आठशें युरो असावी, आणि २०२६ च्या फेब्रुवारीपासून ते जगभरच्या चाळीस दुकानांत ठेवावे, असें त्या वेळीं जाहीर झालें. त्या आठशेंपैकीं वेणी घालणारीच्या हातांत काय पडावयाचें, याचा हिशेब या बातम्यांबरोबर आला नाहीं.

आणखी एक गोष्ट लिहावयास हवी. ती कित्येकांस रुचणार नाहीं. प्राडानें नांव घेतलें नाहीं म्हणून आपण रागावलों, तें ठीक. पण आपल्या घरांतून हें नांव कधीं घेतलें गेलें होतें? ढोर समाजानें कातडें कमावलें, चर्मकार समाजानें चप्पल बांधली, आणि आपल्या पूर्वजांनीं ती पायांत घालून दिमाखानें लग्नें केलीं. चप्पल उंबऱ्याबाहेर काढून ठेवण्याची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या कसोशीनें पाळली गेली, आणि ती घडविणारा मनुष्यहि उंबऱ्याबाहेरच राहिला. शहराचें नांव आपण अभिमानानें सांगत आलों. कारागिराचें नांव कोणी विचारलें नाहीं. मिलानवाल्यांनीं गांव गाळलें, आपण माणूस गाळला होता.

म्हणूनच मुलीच्या त्या चित्राकडे पुन्हा वळणें भाग आहे. हातपिशवीवरील वेणी तिनें कोठून घेतली? पत्रावरून दिसतें कीं एका छायाचित्रावरून. शिक्षिकाबाईंस ती आवडली, यांत नवल नाहीं. मिलानमध्येंहि ती आवडलीच होती. विद्यार्थिनीचा एक कागद आणि जगड्व्याळ पेढीचा व्यापार यांना एकाच तराजूंत तोलणें अन्याय होईल, हें खरें. तथापि पुढें हीच मुलगी एखाद्या पेढींत आकृति काढावयास बसेल, तेव्हां तिचा हात आजच्याच वळणानें जाईल.

तेव्हां सुटी पाहून तिनें कोल्हापुरास जावें. महालक्ष्मी एक्सप्रेस मुलुंडकरांस कल्याणला गांठतां येते. रात्रीं बसलें कीं सकाळीं कोल्हापूर. चप्पल लाईनींतील दुकानें पाहून तेथेंच थांबूं नये. माल कोठून येतो तें विचारीत कारागिराच्या घरापर्यंत जावें. परवानगीवांचून छायाचित्र घेऊं नये. वेणी शिकवावयास कोणी एक दिवस मोडला, तर त्या दिवसाची मजुरी द्यावी. काकांनीं ती फीच समजावी. दिवसांत किती जोड होतात, जोडामागें हातीं काय पडतें, हें लिहून आणावें, आणि शिकविणाराची संमति असेल तर त्याचें किंवा तिचें नांव प्रबंधाच्या पहिल्या पानावर घालावें. पिशवीचें ओझें ती वेणी पेलेल कीं नाहीं, हेंहि तिला तेथेंच कळेल. तें कागदावर कळत नाहीं. आजोबांच्या गुडघ्यांस प्रवास झेपत असेल, तर त्यांसही बरोबर न्यावें. पायाचें माप समक्ष दिलेलें बरें.