राहावे की निघावे : निर्णयापूर्वीचा हिशेब

व्यापारी घराण्यांत पेढीचा ताळेबंद दरवर्षी निघतो; संसाराचा सहसा निघत नाही. तो मोडकळीस आला की वडीलधारी मंडळी एकत्र बसतात आणि "सांभाळून घे" किंवा "आता पुरे झाले" यांपैकी एक निर्णय घाईने देतात.

जेथे मारहाण वा जिवाची भीती आहे, तेथे विचारविनिमयात वेळ दवडू नये. प्रथम सुरक्षित स्थळ गाठावे. महिलांसाठीची १८१ ही मदतवाहिनी आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा याचसाठी आहेत. खरी कोंडी होते ती छळ नसलेल्या, पण समाधानही नसलेल्या संसारात.

समजा, एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या सुनेच्या लग्नाला ११ वर्षे झाली आहेत. पती निर्व्यसनी, कष्टाळू. सूर्यास्तापूर्वी पेढीवरच डबा उरकतो, रात्री १० वाजता घरी येतो आणि मोबाइल पाहता पाहता झोपतो. भांडण नाही, तसे बोलणेही नाही. तिने दोनदा विषय काढला, तेव्हा "तुला कमी काय आहे?" एवढेच उत्तर मिळाले. माहेरी आई म्हणते, "धाकटीचे जमायचे आहे, थोडे थांब." अशा स्त्रीने कोणत्या कसोटीवर निर्णय घ्यावा?

कर्ज थकले की बँक ऋणकोविषयी दोन गोष्टी तपासते : फेडण्याची क्षमता आणि फेडण्याची इच्छा. इच्छा असून अडचण असेल तर हप्ते नव्याने बांधून देता येतात. क्षमता असून इच्छाच नसेल तर मुदतवाढ व्यर्थ ठरते. संसारातही हाच भेद पाहावा. अबोल घरात वाढलेल्या पुरुषाला बोलणे जमत नसेल. पण शिकायची त्याची तयारी आहे का? हे अंदाजाने ठरवू नये. नेमके मागावे : आठवड्यातील एक संध्याकाळ, समुपदेशकाकडे काही भेटी आणि त्यासाठी सहा महिन्यांची मुदत. तो अवघडत का होईना, आला तर इच्छा आहे. वारंवार टाळू लागला तर तेही उत्तरच आहे.

"११ वर्षे दिली" हे बारावे वर्ष देण्याचे कारण होत नाही. गुंतलेली रक्कम परत येणार नसेल, तर पुढील निर्णय पुढच्या लाभहानीवरच घ्यावा, हे व्यापाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. जुन्या अपमानांचेही तसेच आहे. माणूस खरोखर बदलत असेल, तर केवळ त्यांच्या आठवणीने निघू नये.

पुष्कळदा पैशाची भीती मर्यादेचे नाव धारण करते. म्हणून कागद आधी पाहावेत. पतीच्या पेढीच्या कर्जाला पत्नी जामीनदार आहे का? १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी सामान्यतः ऋणकोइतकीच असते. घटस्फोटाने ती सुटत नाही, बँकेने मुक्त करावे लागते. दागिने कोणाच्या नावाच्या लॉकरमध्ये आहेत? स्त्रीधन तिच्या एकटीच्या मालकीचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच स्पष्ट केले आहे; तरी यादी व पावत्या तिच्याजवळ असाव्यात. ठेवींवरील नामनिर्देशन बदलेपर्यंत जुनेच राहते, हेही ध्यानात असावे.

कायद्याविषयी एक गैरसमज दिसतो. २०१४ मध्ये जैनांना राष्ट्रीय स्तरावर अल्पसंख्याक दर्जा मिळाला, तरी १९५५ चा हिंदू विवाह कायदा जैनांना पूर्ववत लागू आहे. इंदूरच्या कुटुंब न्यायालयाने २०२५ मध्ये घेतलेली विपरीत भूमिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली. या कायद्याखाली केवळ असमाधान हे एकतर्फी घटस्फोटाचे कारण ठरत नाही. परस्पर संमतीच्या अर्जाआधी किमान एक वर्ष विभक्त राहिलेले असावे लागते. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा अवधी योग्य प्रकरणी माफ होऊ शकतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा निर्णय आहे. विवाह कायम ठेवून वेगळे राहण्याचा, न्यायिक विभक्ततेचा मार्गही आहे. त्यासाठी मात्र कायद्यात सांगितलेले कारण दाखवावे लागते.

संवत्सरीला मागितलेली क्षमा वैर मिटवते. एका छताखाली राहण्याचे बंधन त्यातून निर्माण होत नाही. क्षमा करून राहता येते, तसे क्षमा करून निघताही येते.

माहेरच्यांनी निर्णय देऊ नये. आपले दार उघडे आहे, एवढे मुलीला स्पष्ट शब्दांत सांगावे. धाकटीचे स्थळ त्यामुळे अडेल या धास्तीने थोरलीला अडकवून ठेवणे हा धाकटीवरही अन्यायच आहे. परतीचे दार उघडे आहे हे जिला ठाऊक असते, ती सासरी राहिली तरी स्वेच्छेने राहते. आणि अशा राहण्यातूनच संसार पुन्हा उभा राहण्याची शक्यता असते.