भीमसेनजी घरातून पळाले, एवढंच सांगू नका

व्यवसायावरच्या भाषणांत पंडित भीमसेन जोशींची गोष्ट हमखास येते. 1933 मध्ये, अकराव्या वर्षी, गदगचं घर सोडलं आणि पुढे देशभर नाव झालं. टाळ्या! ऐकणारा पोरगा दुसऱ्या दिवशी राजीनामा टाईप करायला बसतो.

मधली वर्षं कोण सांगणार? हा मुलगा गुरू शोधत, रेल्वेच्या डब्यात गाणी म्हणत, ग्वाल्हेर, जालंधरपर्यंत फिरला. शेवटी गुरू मिळाले ते आपल्याच मुलखात, कुंदगोळला, सवाई गंधर्व. तिथं 1936 पासून शिक्षण. सुरुवातीला गाणं कमी, पाणी भरणं जास्त. मग मैफली, रेकॉर्ड, मुंबईत रेडिओवरचं काम. पुण्यात गुरूंच्या साठीच्या कार्यक्रमात गाणं गाजलं तेव्हा 1946 उजाडलं होतं. म्हणजे घर सोडल्यापासून 13 वर्षं.

माझ्या मते पळणं हा त्या गोष्टीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे. बेकरी काढायचीय ना? मग गाळ्याचं डिपॉझिट भरण्याआधी एखाद्या चालत्या बेकरीत सहा महिने राबा. भट्टी, उधारी, परत येणारा शिळा माल, सगळं बघा. "सर, तोवर शेजारचा दुकान टाकेल!" टाकू दे की.

आणि हो, त्या अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर बँकेचा हप्ता नव्हता. तुमच्या असेल. पगार बंद झाल्यावर घर किती महिने चालेल, तो आकडा आज घरच्यांसोबत बसून वहीत लिहा. राजीनाम्याचं नंतर बघू.