पंगत बसल्यावर वाटण

आमच्या चिरंजीवांनी वाढदिवसाचे, दिवाळीचे आणि आजीने निघताना हळूच मुठीत कोंबलेले असे सगळे पैसे साठवून मे महिन्याच्या सुट्टीत संगणकावरचा एक नवा गेम घेतला. किंमत साडेतीन हजारांच्या घरातली, आणि पैसे गेम बाजारात येण्याआधीच भरलेले. तो आला त्या संध्याकाळी घरात सणासारखे वातावरण होते. मग पडद्यावर एक पट्टी उमटली. शेडर तयार होत आहेत, असे सांगत ती मुंगीच्या पावलांनी सरकू लागली. जेवणे झाली, ओटा आवरून झाला, पट्टी निम्म्यावर. अखेर गेम सुरू झाला तर प्रत्येक वळणावर चित्र क्षणभर थिजायचे, धावायचे, पुन्हा थिजायचे.

"बाबा, आपला कॉम्प्युटर जुना झालाय का?" चिरंजीवांनी विचारले.

संगणक गेल्या दिवाळीचा. पण पोराने दोष गेमला दिला नाही, आपल्या घराला दिला. ते मला लागले. वीस-बावीस वर्षे प्रोग्रॅम लिहूनच मी घर चालवले आहे. तेव्हा या थिजण्यामागे काय असते ते थोडेफार ठाऊक आहे. म्हणून आजचा हा प्रपंच.

गेम लिहिणारा ग्राफिक्स कार्डाशी थेट बोलत नाही. मध्ये एक ठरलेली बोली असते. मायक्रोसॉफ्टची डायरेक्टएक्स ही त्यातली सर्वांत रुळलेली. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर त्या बोलीतल्या आज्ञा कार्डाला समजावतो. डायरेक्टएक्स ११ पर्यंत हा ड्रायव्हर लग्नघरच्या मुरलेल्या आचाऱ्यासारखा होता. आपण फक्त सांगायचे, दोनशे पाने आहेत. पातेली कोणती, चूल कधी पेटवायची, सगळे तो बघणार. यजमान काही विसरला तरी सांभाळून घेणार. मोठा गेम आला की एनव्हिडिया आणि एएमडी त्या एका गेमसाठी ड्रायव्हरमध्ये खास डागडुजी करत. तक्रार एवढीच, की आचारी बहुतेक वेळ एकाच चुलीपाशी उभा. प्रोसेसरमधल्या बाकीच्या चुली थंड.

मग २०१३ मध्ये एएमडीने मँटल जाहीर केले, जुलै २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर डायरेक्टएक्स १२ आले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये क्रोनोस गटाचे व्हल्कन. तिघांचे सांगणे एकच : आचाऱ्याला रजा द्या, कोठीघराच्या किल्ल्या यजमानाच्या हाती. सगळ्या चुली पेटवा, हवे तसे रांधा. ज्याला रांधता येत होते त्याने सोने केले. 'डूम' मे २०१६ मध्ये आला, जुलैत त्याला व्हल्कनची जोड मिळाली आणि त्याच कार्डांवर, विशेषतः एएमडीच्या, तो कितीतरी चपळ पळू लागला.

सगळ्यांना मात्र रांधता येत नव्हते. शेडर म्हणजे सावली, धूर, ओल्या रस्त्याची चमक रंगवणारे छोटे प्रोग्रॅम. ते गेमबरोबर अर्धेकच्चे येतात. प्रत्येक कार्डाची भाषा निराळी, म्हणून शेवटचे वाटण ज्याच्या-त्याच्या घरीच करावे लागते. प्लेस्टेशनचे तसे नाही; तिथे सगळ्यांचे यंत्र सारखे, त्यामुळे वाटण तयारच येते. नव्या बोलीत कुठल्या शेडरला कशाची जोड लागणार हे गेमने आधीच सांगून ठेवायचे असते, आणि अशा जोड्या हजारोंनी. त्या आधी गोळा केल्या नाहीत, तर एखादे दार उघडताच, एखादा स्फोट होताच वाटण सुरू. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात; वाटणाला त्याच्या कित्येक पट लागू शकतात. पान मांडले आहे, पाहुणा बसला आहे आणि यजमान आत खोबरे किसतो आहे!

बरे, आधी वाटतो म्हटले तरी त्याला रीत हवी. 'द लास्ट ऑफ अस पार्ट वन' २८ मार्च २०२३ रोजी संगणकावर आला, तेव्हा कित्येकांना ती पट्टी बघत अर्धा तास आणि त्याहून जास्त बसावे लागले. स्टीमवर गेम परत करायचा तर खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळून करावा, असा २०१५ पासूनचा नियम. गेम उघडा असला की घड्याळ चालू. म्हणजे वाटण बघण्यात गेलेला वेळही जेवणात धरला!

सगळे खापर नव्या बोलीवर फोडणे मात्र लबाडी होईल. 'बॅटमॅन : आर्खम नाइट' जून २०१५ मध्ये आला तो जुन्या डायरेक्टएक्स ११ वरच, आणि संगणकावर इतका अडखळला की दोन दिवसांत विक्री थांबवावी लागली, ती ऑक्टोबरअखेर पुन्हा सुरू झाली. उलट 'एल्डन रिंग' फेब्रुवारी २०२२ मध्ये विंडोजवर ठेचकाळत असताना व्हॉल्व्हच्या स्टीम डेकवर, जिथे डायरेक्टएक्स १२ च्या आज्ञा व्हल्कनमध्ये उलथाव्या लागतात, व्हॉल्व्हच्याच माणसांनी डागडुजी करून तो अधिक सुरळीत चालवून दाखवला. म्हणजे मनावर घेतले की होते. पहिल्या दहा मिनिटांत शाळकरी पोराला दिसते ते थिजणे कंपनीच्या चाचणी विभागाला दिसत नसेल, यावर माझा तरी विश्वास नाही. प्रोग्रॅम लिहिणारा बिचारा सांगत असतो, अजून दोन महिने द्या. तारीख ठरवणारा वरच्या मजल्यावर बसलेला असतो आणि त्याच्या हाती आपले आगाऊ पैसे आधीच पडलेले असतात.

वाचकहो, डाउनलोड होणारा माल संपत नाही. मग रांगेत पहिले उभे राहून आपण नेमके काय मिळवतो? हे मी चिरंजीवांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "वर्गातले सगळे पहिल्याच दिवशी खेळतात." यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या मातोश्री मात्र नवे कार्ड केवढ्याला पडते, याची चौकशी करू लागल्या होत्या. मी हट्टाने नको म्हटले. घरात चार दिवस अबोला.

जुलैत तिसरी दुरुस्ती आली. त्याच संगणकावर, त्याच कार्डावर गेम लोण्यासारखा चालू लागला. मी घाईघाईने हाक मारली. चिरंजीवांच्या पाठीवर दप्तर होते, क्लासची वेळ झाली होती. "नंतर बघतो, बाबा," म्हणाले आणि जिना उतरले.