वीज बारा व्होल्टची, कुलूप कंपनीचे



रब्बी ज्वारीच्या पेरणीला वाफसा किती दिवस टिकतो, हे कोरडवाहू माणसाला सांगायला नको. काळ्या रानात चार दिवस उशीर झाला की वरची ओल उडते आणि बी कोरड्यात पडते. नेमक्या अशा वेळी माझ्या ट्रॅक्टरचे फोर व्हील बंद पडले. बटण दाबले तरी डॅशवरचा दिवा लागेना. मागची चाके जागच्या जागी फिरत होती आणि पुढची नुसती ओढली जात होती.

शोरूमला फोन केला. उत्तर आले, "उघडू नका, हमी जाईल. आमचा माणूस येईल." माणूस तिसऱ्या दिवशी आला. लॅपटॉप जोडला, मान हलवली आणि म्हणाला, "कंट्रोल बॉक्स गेलाय, मागवावा लागेल." मी वायरिंगचा नकाशा मागितला. "तो बाहेर देत नाहीत," म्हणाला. ट्रॅक्टर माझा, कर्ज माझ्या नावावर, सातबाऱ्यावर बोजा माझ्या, आणि त्याच ट्रॅक्टरच्या पोटात कोणती वायर कुठे जाते हे मला कळू द्यायचे नाही!

शेवटी बाजाराच्या गावातला बॅटरीवाला मिस्त्री आणला. त्याच्याजवळ लॅपटॉप नव्हता. दोन वायरी जोडलेला एक बल्ब होता. अर्ध्या तासात त्याने दोष दाखवला. गिअरबॉक्सच्या अंगाला आवळलेली अर्थची वायर हिरवी पडून तुटायला आली होती. घासली, आवळली, दिवा लागला. पण तोवर वाफसा गेला होता. त्याची भरपाई कोणत्या हमीपत्रात लिहिली आहे?

म्हणून आज गाऱ्हाणे मांडून थांबायचे नाही. त्या बल्बने काय केले ते समजून घ्यायचे आहे. जे आपल्याला कळते, त्यात आपल्याला कोणी फसवू शकत नाही.

जुन्या फोर व्हीलला दांडा असतो. दांडा ओढला की पुढचा ॲक्सल जुळतो, विजेचा संबंध नाही. बटणाच्या ट्रॅक्टरात बटण वीज सोडते, वीज सोलेनॉइडला जाते, सोलेनॉइड तेलाचा व्हॉल्व्ह हलवते आणि तेलाचा दाब क्लच हलवतो. आता पहिली गोष्ट ध्यानात ठेवा. काही ट्रॅक्टरांत वीज मिळाली की पुढची चाके जुळतात. काहींत उलट असते : ती स्प्रिंगने जुळलेलीच असतात आणि वीज व तेल मिळाल्यावर सुटतात. अशा ट्रॅक्टरात वीज गेली तर फोर व्हील लागूनच राहते. तसेच डांबरी रस्त्याने कापसाची ट्रॉली ओढत राहिलात तर पुढचे टायर झिजतात आणि पुढच्या गिअरांवर ताण येतो. आपला ट्रॅक्टर कोणत्या जातीचा आहे, हे घेतानाच विचारा.

आता तपासणी. ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा, हँडब्रेक लावा, इंजिन बंद ठेवा, चावी ऑन करा.

पहिले पाहा बॅटरी. भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर आधी तीच साफ करा.

दुसरा फ्यूज. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तोही लगेच उडाला तर सोलेनॉइडचा जोड काढून पुन्हा एक घाला. आता टिकला तर दोष सोलेनॉइडच्या कॉइलमध्ये. तरीही उडाला तर वायर कुठेतरी घासून लोखंडाला लागली आहे, किंवा उंदराने कुरतडली आहे. घरात कापसाची गंजी आणि शेजारी ट्रॅक्टर, म्हणजे उंदराला घर आणि जेवण दोन्ही एकाच ठिकाणी.

तिसरे बटण आणि रिले. बल्बची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला धरा, दुसरी बटणात येणाऱ्या वायरीला लावा, मग बटणातून जाणाऱ्या वायरीला. येताना उजेड, जाताना अंधार, तर बटण गेले. रिले त्याच मापाच्या दुसऱ्या रिलेशी बदलून पाहा. अनेक ट्रॅक्टरांत दोन्ही ब्रेक एकदम दाबले की फोर व्हील आपोआप लागते. तिथे ब्रेकखालचा स्वीच चिखलाने अडकला तर बटण ऐकत नाही. तोही पाहा.

चौथे सोलेनॉइड. बटण दाबून त्याच्या जोडावर बल्ब लावा. निगेटिव्ह बॅटरीवरून घेतल्यावर बल्ब लागतो, पण जोडातल्याच अर्थवर घेतल्यावर लागत नाही, तर दोष अर्थच्या वाटेत. माझ्या ट्रॅक्टरात हेच होते. दोन्हीकडे लागत असेल तर जोड काढून कॉइल मीटरने मोजा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे. जवळजवळ शून्य दाखवत असेल तर आत शॉर्ट आहे. कॉइल चांगली असेल तर वीज दिल्यावर टक् आवाज येतो आणि टोकाशी धरलेला स्क्रूड्रायव्हर ओढला जातो.

इतके सगळे ठीक असूनही चाके जुळत नसतील तर विजेचा दोष नाही. तेलाची पातळी, फिल्टर, व्हॉल्व्ह आणि दाब पाहायला मेकॅनिक बोलवा. आणि एक सावधगिरी : कंट्रोल बॉक्सच्या वायरींना बल्ब टोचू नका, तिथे मीटरच वापरा. काही ट्रॅक्टरांत अर्थची बाजू हा बॉक्सच जोडतो. म्हणून तर नकाशा हवा!

आता कंपनीवाले म्हणतील, शेतकरी वायरी तोडून ठेवतो. खरे आहे, आपलेही चुकते. फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी गुंडाळणारे, उघड्या जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधणारे आपल्यातच आहेत. त्यातून वायरिंग जळते. हा उद्योग आजपासून बंद करा. पण ज्याला नकाशा दिला नाही, तो अंदाजानेच जोडणार! आंधळा करायचे आणि वर ठेच लागली म्हणून हसायचे, हा कुठला न्याय?

ते म्हणतील, प्रदूषणाचे नियम आहेत. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले, आणि इंजिनात इलेक्ट्रॉनिक्स वाढले. इंजिनाची सेटिंग बदलायला आपण मागतच नाही. पण पुढच्या चाकाच्या सोलेनॉइडमधून धूर निघतो काय? त्याचा नकाशा लपवून कोणाची हवा स्वच्छ होते?

ही मागणी जगावेगळीही नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ साली कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. शेती-अवजारे बनवणाऱ्याने दुरुस्तीची माहिती, सुटे भाग आणि साधने मालकाला व बाहेरच्या मिस्त्रीला दिली पाहिजेत, असे तो सांगतो. आपल्याकडे ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि तपासणीची साधने अडवून ठेवल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटींचा दंड सांगितला. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण मुद्दा आयोगाने मान्य केला. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत शेती-अवजारे आहेत. त्या डिसेंबरात पोर्टलही उघडले. पण पोर्टल उघडल्याने वाफसा थांबत नाही.

तेव्हा आपल्या मागण्या चार. ट्रॅक्टरसोबत वायरिंगचा नकाशा, मराठीत. दोषांच्या कोडची यादी आणि कोड वाचायचे साधन गावच्या मिस्त्रीलाही विकत मिळावे. पाच रुपयांचा जोड गेला तर पूर्ण वायरिंग विकत घ्यायची सक्ती नको. आणि बदललेला जुना भाग मालकाच्या हातात परत.

पुढचा ट्रॅक्टर घेताना सही करण्याआधी नकाशा मागा. नाही म्हणाले तर "नाही" असे लेखी मागा, आणि तो कागद जिल्हा बैठकीला घेऊन या. एक कागद फाडता येतो, शंभर कागद फाडता येत नाहीत.

आणि येताना बारा व्होल्टचा एक बल्ब आणि दोन हात वायर आणा. भाषणे आटोपल्यावर बाहेर उभ्या असलेल्या ट्रॅक्टरवरच सगळे शिकू. कपाशीला भाव किती द्यायचा हे आपल्या हातात नाही. निदान आपल्या ट्रॅक्टरचा दिवा लावणे तरी आपल्या हातात राहू द्या!