घरे दाखवणाऱ्यांची दमछाक

रविवार हा बहुतेकांच्या सुटीचा दिवस, म्हणूनच जागांचे व्यवहार करणाऱ्या एजंटाला त्या दिवशी सुटी नसते. सकाळी नऊला पहिली साइट, अकराला दुसरी. दुपारचे जेवण म्हणजे दुचाकीला टेकून घेतलेला चहा आणि वडापाव. ज्या कुटुंबाला तीन महिन्यांत बारा फ्लॅट दाखवले, त्यांचा संध्याकाळी मेसेज येतो, ‘सध्या घर घ्यायचा विचार रद्द केला आहे.’ रात्री साडेदहाला आणखी एका ग्राहकाचा फोन येतो आणि त्याच्याशी हसऱ्या आवाजातच बोलावे लागते. महिनाअखेरीस हाती काय पडेल, हे सांगता येत नाही. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जातोच.

असा माणूस ओपीडीत येतो तेव्हा ‘मी दमलो आहे’ असे सांगत नाही. ॲसिडिटी, मानदुखी, डोके जड होणे, रात्री दोनला जाग येणे अशा त्याच्या तक्रारी असतात. कधी केवळ विम्यासाठी रक्तदाब तपासला जातो आणि तो १६०/१०० निघतो. गोळी सुरू होते. ती आवश्यकच असते. पण ज्या दिनक्रमामुळे हे सारे वाढले, त्याची चौकशी मात्र क्वचितच होते.

या दमणुकीला वैद्यकशास्त्रात ‘बर्नआउट’ म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये हा शब्द वैद्यकीय लेखनात आणला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत त्याची नेमकी व्याख्या दिली. संघटनेने बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकालीन ताण नीट हाताळला न गेल्याने उद्भवणारी ही स्थिती आहे, असे ती सांगते. तिची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही धड होत नाही अशी भावना. एजंटाच्या भाषेत सांगायचे तर सकाळी उठतानाच थकलेले असणे, प्रत्येक ग्राहक ‘टाइमपास करणारा’ वाटू लागणे आणि वीस वर्षांचा अनुभव असूनही पुढचा सौदा होईल याची खात्री न वाटणे.

ही माणसे कमकुवत असतात का? तसे मुळीच नाही. या व्यवसायाची घडणच माणसाला दमवणारी आहे. जर्मन वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ योहानेस सीग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये एक सोपे सूत्र मांडले. माणूस कामात जेवढे ओततो आणि बदल्यात पैसा, मान व स्थैर्य यांच्या रूपाने जेवढे मिळवतो, त्यांत दीर्घकाळ तफावत राहिली की शरीर आजारी पडू लागते. एजंटाच्या धंद्यात ही तफावत जवळपास रोजची असते. घर दाखवणे, कागदपत्रे जमवणे, बँकेत खेपा घालणे, मालक आणि ग्राहक यांच्यातील घासाघीस मिटवणे या सगळ्याचे मोल सौदा झाला तरच मिळते. दहा सौद्यांवर मेहनत घ्यायची आणि त्यांपैकी एखाद-दुसराच पार पडायचा. झालेल्या सौद्याचे कमिशनही वेळेवर येईल याची खात्री नसते. मालक आणि ग्राहक परस्पर भेटून व्यवहार उरकतात, असाही अनुभव अनेकांच्या गाठीला असतो.

बक्षीस केव्हा मिळेल हे ठाऊक नसले, तर माणूस थांबतच नाही. लॉटरीच्या तिकिटाची सवय सुटत नाही, त्यामागेही हेच आहे. ‘न उचललेला फोनच नेमका मोठ्या सौद्याचा असला तर?’ या धास्तीने फोन जेवणाच्या ताटाशेजारी आणि झोपताना उशाशी राहतो. शरीराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की ताणाची यंत्रणा दिवसभरात कधी बंदच होत नाही. नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, झोप उथळ होते, रात्री उशिरा भूक लागते, पोटाभोवती चरबी साठते. त्यात तंबाखू, दिवसाला दहा-बारा कप गोड चहा आणि सौदा झाला म्हणून किंवा फिसकटला म्हणून होणारे मद्यपान यांची भर पडते.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास येथे लक्षात घ्यायला हवा. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१६ या एका वर्षात जगभरात अंदाजे ७ लाख ४५ हजार मृत्यूंचा संबंध अशा दीर्घ कामाशी जोडला गेला. साइटवरचे, प्रवासातले आणि रात्रीचे फोनवरचे तास प्रामाणिकपणे मोजले, तर कित्येक एजंट ५५ च्या पुढे गेलेले दिसतील.

म्हणून पहिले पाऊल आरोग्य तपासणीचे. सगळा थकवा ‘टेन्शन’च्या खात्यावर टाकणे धोक्याचे आहे. रक्तक्षय, थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नुकताच सुरू झालेला मधुमेह आणि घोरण्यासोबत झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांतही माणूस असाच गळून जातो. हिमोग्लोबिन, रक्तातील साखर, टीएसएच, ब-१२ आणि रक्तदाब यांच्या साध्या तपासणीतून बरेच काही स्पष्ट होते. चालताना किंवा जिना चढताना छातीत दडपण येत असेल, तर ईसीजी टाळू नये. बसल्या जागी छातीत दुखून घाम सुटला किंवा दम लागला, तर साइट व्हिजिट सोडून तडक रुग्णालय गाठावे.

दुसरा फरक नैराश्याचा. बर्नआउटमध्ये कामापासून दूर गेल्यावर, मुलांसोबत किंवा गावी, माणसाला थोडे मोकळे वाटते. नैराश्यात दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ, जवळजवळ रोज, कशातच रस वाटत नाही. अपराधीपणा दाटतो, भूक आणि झोप बिघडते, जगण्याचा कंटाळा येतो. तिथे व्यवसाय बदलून भागत नाही, उपचार लागतात आणि ते गुणकारी असतात. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य उपलब्ध आहे. मराठीतूनही बोलता येते. मनात आत्महत्येचा विचार डोकावत असेल, तर त्याच दिवशी घरच्यांना सांगून डॉक्टरांकडे जावे.

तपासण्या निर्धोक निघाल्या की सगळीकडून एकच सल्ला मिळतो, ‘चार दिवस कुठेतरी जाऊन या.’ सुटी हवीच, पण तिचा फायदा कामावर परतल्यावर काही आठवड्यांतच ओसरतो, असे अभ्यास सांगतात. कारण माणूस परततो तो त्याच अटींवर. त्यामुळे बदलायला हव्यात त्या कामाच्या अटी.

त्याची सुरुवात व्यवसायात राहूनही करता येते. रविवार शक्य नसेल तर मंगळवार किंवा बुधवार हा सुटीचा दिवस ठरवून तो ग्राहकांना आधीच कळवावा. दवाखान्याची, केशकर्तनालयाची साप्ताहिक सुटी लोक मान्य करतात, तशी हीसुद्धा करतील. धंद्यासाठी वेगळा क्रमांक ठेवून रात्री नऊनंतर तो बंद करावा. विश्वासातल्या दुसऱ्या एजंटाशी जोडी जमवून एकमेकांच्या सुटीत काम सांभाळावे आणि कमिशनची वाटणी आधीच लिहून ठेवावी. पहिल्या भेटीतच ग्राहकाचे बजेट, कर्जाची तयारी आणि निर्णय कोण घेणार हे विचारले, तर निम्म्या फेऱ्या वाचतात. वर्षाचे चक्रही ध्यानात घ्यावे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा-दिवाळी आणि १ एप्रिलला रेडी रेकनरचे दर बदलतील म्हणून मार्चअखेरीस दुय्यम निबंधक कार्यालयात होणारी गर्दी, हे धावपळीचे दिवस. पितृपक्षात बाजार तसाही थंड असतो. तो पंधरवडा हातावर हात धरून काळजी करण्यात घालवण्यापेक्षा विश्रांतीसाठी आणि वार्षिक तपासणीसाठी राखून ठेवावा.

एवढे करून सहा महिन्यांतही सकाळ जडच जात असेल, तर दुसऱ्या वाटेचा विचार करायला हरकत नाही. त्याला पळपुटेपणा समजू नये. ‘या वयात आता दुसरे काय जमणार?’ ही भीती बहुतेकांना असते, कारण आपल्या हाती काय कसब आहे याची मोजदाद त्यांनी कधी केलेलीच नसते. सातबारा, इंडेक्स टू, मालमत्ता पत्रक वाचता येणे, भागातल्या दरांची जाण, सोसायटीच्या सेक्रेटरीपासून बँकेच्या अधिकाऱ्यापर्यंत ओळखी आणि भांडणाऱ्या दोन बाजूंना एका टेबलावर बसवण्याचे कौशल्य ही सगळी जमा बाजू आहे.

कोणती वाट धरावी, हे नेमके कशाने दमवले यावरून ठरते. अनिश्चित उत्पन्नाचा जाच होत असेल, तर पगारी काम बरे. बांधकाम कंपन्यांत ताबा देणे आणि विक्रीनंतरची सेवा पाहणारे विभाग असतात, गृहकर्ज देणाऱ्या संस्थांनाही जागेची जाण असलेली माणसे लागतात. ग्राहकांची मनधरणी करून जीव विटला असेल, तर कागदपत्रांचे काम मानवेल. महाराष्ट्रात भाडेकरारांची ऑनलाइन नोंदणी होते आणि अकरा महिन्यांच्या करारांमुळे हे काम वर्षभर येत राहते. वणवण सोसत नसेल, तर मोठ्या गृहसंकुलांना पूर्णवेळ व्यवस्थापक हवे असतात. पुनर्विकास किंवा मानीव अभिहस्तांतरणाच्या तयारीत असलेल्या सोसायट्यांना फायलींचा नीट पाठपुरावा करणारे कुणीतरी हवे असते. परदेशी राहणाऱ्या मालकांची घरे सांभाळून दरमहा ठरलेले शुल्क घेणे, हाही एक मार्ग. महारेराने २०२३ मध्ये एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा आणली. ज्यांना समजावून सांगायला आवडते, त्यांना नव्या मंडळींना शिकवण्याचे कामही करता येईल.

मात्र हा बदल रागाच्या भरात, सौदा मोडला त्या रात्री ठरवू नये. थकलेला मेंदू सगळेच टोकाचे पाहतो. आधी दोन-तीन आठवडे झोप सुधारावी. महिन्याचा किमान घरखर्च कागदावर मांडावा आणि शक्यतो सहा महिन्यांची शिल्लक हाताशी ठेवावी. नवे काम आठवड्यातून दोन दिवस करून पाहावे. घरच्यांना पहिल्या दिवसापासून विश्वासात घ्यावे. कमिशनच्या धंद्यात वाईट महिने घरापासून लपवण्याची सवय लागते आणि तो लपवलेला भार वेगळाच असतो. स्त्री एजंटांच्या बाबतीत घरकामाचे तासही या हिशेबात धरायला हवेत. त्यांची दुसरी पाळी घरी परतल्यावर सुरू होते.

सगळा भार एकट्या एजंटावर टाकूनही चालणार नाही. रेरा कायदा २०१६ मध्ये आला. नोंदणीकृत प्रकल्पांतील घरांचे व्यवहार करणाऱ्या एजंटांना त्याने नोंदणी सक्तीची केली, जबाबदाऱ्या आणि दंड ठरवून दिले. ग्राहकाच्या हितासाठी ते योग्यच झाले. पण नोंदणी झाली म्हणून एजंटाला भरपगारी रजा, आजारपणाचा भत्ता किंवा भविष्य निर्वाह निधी मिळत नाही, कारण तो कुणाचा नोकर नसतो. बिल्डरांनी कमिशनची रक्कम आणि मुदत लेखी द्यावी आणि पाळावी. एजंटांच्या संघटनांनी वर्षातून एकदा तपासणी शिबिर भरवावे, सामूहिक आरोग्य विमा काढावा. परीक्षेआधीच्या प्रशिक्षणात कायद्यासोबत एक तास आरोग्याला देता येईल. आणि ग्राहकांनी रात्री अकराला ‘जरा फोटो पाठवा’ म्हणण्याआधी घड्याळाकडे पाहावे.

दुसऱ्यांना हवेशीर, शांत, मुलांच्या शाळेजवळचे घर शोधून देण्यात या माणसांचा दिवस जातो. त्यांच्या स्वतःच्या घरी आठवड्यातली किती जेवणे फोनशिवाय होतात, हे त्यांनी या महिन्यात मोजून पाहावे. आकडा शून्य आला, तर पुढचा सौदा थोडा थांबला तरी चालेल. आधी रक्तदाब तपासून घ्यावा.